अंतरपाट आणि शिकाऊ परवाना

स्त्रियांच्या गप्पांची आपल्या समाजांत जितकी थट्टा झाली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या गोष्टीची झाली असेल. पारावर बसून चार पुरुषांनीं जगाचा काथ्याकूट केला तर ती चर्चा. आणि हातांत सुईदोरा घेऊन चार बायका आपल्या संसाराचा विचार करीत बसल्या तर त्या मात्र गप्पा! आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना संस्कृत शिकविलें. विद्या कोठें अंगीं मुरते व कोठें नुसती घोकली जाते, ह्याची थोडीफार पारख त्या व्यवसायांत होतेच. त्या पारखीच्या आधारें आम्ही म्हणतों कीं, शिवणकाम करीत बसलेल्या मैत्रिणींची बैठक ही एक उत्तम पाठशाळा होय. तेथें छडी नाहीं, गुणपत्रक नाहीं, आणि टांका चुकला तर तो उसवून पुन्हां घालण्याची पूर्ण मुभा आहे. जी भीति वर्गांत जिभेला कुलूप घालते, तीच हात कामांत गुंतले म्हणजे आपोआप सैल पडते.

आमचें हें म्हणणें हवेंतलें नव्हे. आमच्या पुण्याच्या घरीं दर शनिवारीं दुपारीं सूनबाईच्या तीन मैत्रिणी जमतात. एकीच्या मांडीवर लोकरीचें विणकाम, दुसरीच्या पुढ्यांत जुन्या लुगड्यांची गोधडी, सूनबाई शिवणयंत्रावर, आणि वयानें सर्वांत वडील अशा ताई भरतकामाची रिंग घेऊन खिडकीपाशीं. आमची खुर्ची शेजारच्याच खोलींत असते व कान अद्यापि शाबूत आहेत. शिवाय चहा देतांना "मामंजी, तुम्हांला काय वाटतं?" असा प्रश्नहि होतो. तेव्हां ह्या सभेचे आम्ही बिनमताचे सभासद आहों, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गेल्या वर्षीं ह्या ताईंच्या मागें दोन मुदती लागल्या होत्या. पहिली अंतरपाटाची. पुतणीचें लग्न मेच्या पहिल्या आठवड्यांत ठरलें होतें, आणि तिचा अंतरपाट स्वतःच्या हातानें भरून देण्याचें ताईंनीं कबूल केलें होतें. मध्यें कुंकवाच्या रंगाचें स्वस्तिक आणि चारी कडांना आंब्याच्या पानांची वेल, तीहि साखळी टांक्याची. दुसरी मुदत सरकारी. वयाच्या ५४ व्या वर्षीं ताई मोटार चालविण्यास शिकत होत्या, आणि दिवाळीनंतर काढलेल्या त्यांच्या शिकाऊ परवान्याचे ६ महिने मेच्या मध्यावर संपत होते.

केवळ हौसेखातर त्या शिकत होत्या असें नव्हे. त्यांच्या यजमानांना काचबिंदू झाला आहे. ह्या रोगांत दृष्टीचा परीघ हळूहळू आकुंचित होतो आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधोपचारानें उरलेली राखावयाची, एवढेंच हातीं असतें. डॉक्टरांनीं त्यांना गाडी चालविण्याची मनाई केली. मुलगा नोकरीनिमित्त बंगलोरास, घरीं ८७ वर्षांच्या सासूबाई, आणि बिऱ्हाड सिंहगड रस्त्याच्या पार टोकाला. पावसाळ्यांतील एका रात्रीं दोन वाजतां सासूबाईंना धाप लागली. गाडी दारांत, किल्ली खुंटीवर, आणि ती चालवील असें घरांत कोणी नाहीं! शेजाऱ्यांना उठवून दवाखाना गांठीपर्यंत पाऊण तास गेला. सासूबाई वाचल्या, परंतु त्या पाऊण तासानें ताईंच्या मनाचा निश्चय झाला.

यजमान म्हणाले, "ह्या वयांत हें कशाला? पुण्याची वाहतूक पाहिली आहेस ना?" मुलानें दूरध्वनीवरून तेंच सांगितलें. सासूबाईंनीं मात्र एवढेंच विचारलें, "मला पुढें बसायला मिळेल ना गं?"

एका शनिवारीं ताई अगदीं रडकुंडीस आल्या होत्या. "क्लच सोडतांना पाय थरथरतो. गाडी हिसका देते आणि बंद पडते. मागून हॉर्नवर हॉर्न! शिकवणारा मुलगा माझ्या मुलाहून लहान. तो आपला म्हणतो, 'काकू, सोपं आहे.' सोपं त्याला!"

सूनबाईनें यंत्र थांबविलें. "ताई, पायमशीन शिकलांत तेव्हां काय होत होतं?"

"काय व्हायचं? चाक उलटं फिरायचं नि दोरा तुटायचा."

"मग?"

"मग आईनं सुईंतला दोराच काढून घेतला. आठ दिवस नुसत्या कागदावर टीप घालायला लावली. पाय बसला, तेव्हां दोरा दिला."

"मग गाडीचंहि तसंच करा की! शिकवणाऱ्याला घेऊन सकाळीं मोकळ्या मैदानावर जा. वेग द्यायचाच नाहीं. नुसता क्लच हळूं सोडून गाडी सरकवायची, थांबवायची, पुन्हां सरकवायची. दोरा मागाहून ओवूं."

लोकर विणणाऱ्या बाई वीस वर्षें स्कूटर चालवितात. त्यांनीं सुया न थांबवितां पुस्ती जोडली, "आणि बॉनेटकडे बघूं नका. सुईकडे बघत राहिलं तर टीप वांकडी जाते, कापडाच्या कडेकडे बघावं लागतं. रस्त्यावरहि नजर लांब ठेवायची."

अध्यापनशास्त्रांत ज्ञाताकडून अज्ञाताकडे न्यावें, असा एक नियम आम्हांला प्रशिक्षणाच्या वेळीं पाठ करविला होता. त्या नियमाचा इतका सुबक उपयोग आम्हीं शाळा-तपासणीच्या दिवशींहि पाहिला नव्हता. आमच्या मतें ताईंचें खरें शिक्षण त्या दुपारीं सुरू झालें. शिकविणाऱ्या तरुणाला गाडी ठाऊक होती, पण ताई ठाऊक नव्हत्या. मैत्रिणींना ताईंचा हात, पाय व स्वभाव सर्वच ठाऊक होतें.

शिवणयंत्र व मोटार ह्यांचें नातें केवळ उपमेपुरतें आहे असेंहि नाहीं. पुढच्या शनिवारीं आम्हीं ह्या मंडळीस थोडी माहिती सांगितली, ती वाचकांसहि रुचेल. जर्मनींतील आडाम ओपेल ह्यानें १८६२ सालीं शिवणयंत्रें बनविण्यास प्रारंभ केला. त्याच कारखान्यांतून त्याच्या मुलांनीं १८९९ सालीं मोटारगाडी बाहेर काढली. जपानमध्यें मिचिओ सुझुकी ह्यांनीं १९०९ सालीं हामामात्सु येथें विणकरांसाठीं माग बनविण्याचा कारखाना काढला. त्याच सुझुकी कंपनीच्या सहकार्यानें डिसेंबर १९८३ मध्यें आपल्या देशांत मारुतीची पहिली छोटी गाडी रस्त्यावर आली, आणि तिच्यावर हात बसविलेल्या स्त्रिया आज घरोघर आढळतील. म्हणजे ज्या हातांनीं वस्त्र विणण्याचीं व शिवण्याचीं यंत्रें घडविलीं, त्यांतल्याच कांहींनीं पुढें वाहन घडविलें.

ह्याहून मौजेची गोष्ट बेर्टा बेन्झ ह्या बाईंची. त्यांचे पति कार्ल बेन्झ ह्यांनीं मोटार बनविली होती, परंतु ती लांबच्या प्रवासास उपयोगी पडते असा लोकांस विश्वास नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्यें ह्या बाई पतीस न सांगतां, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरीं गेल्या. अंतर सुमारें १०० किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. तार उघडी पडली, तिच्याभोंवतीं मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलें, तें औषधांच्या दुकानांतून घेतलें. आणि ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. मोटारीनें लांबचा पल्ला गांठतां येतो, हें जगाला प्रथम दाखविलें तें टांचणी जवळ बाळगणाऱ्या गृहिणीनें!

आपल्याकडे तरी काय कमी आहे? वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडांत मंथरा कैकेयीला जुनी आठवण देते, ती हीच कीं, युद्धांत बेशुद्ध पडलेल्या दशरथाला तूं रणांगणांतून सुखरूप बाहेर नेलेंस. ते दोन प्रसिद्ध वर म्हणजे त्या कामगिरीचें बक्षीस. आपण वर तेवढे लक्षांत ठेवले आणि कामगिरी विसरलों. अलीकडच्या काळांत पाहावें तर, १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या पुढाकारानें पुण्यांत सेवासदन निघालें. शिवणकामासारख्या विद्या शिकून तेथून कित्येक स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १९७२ सालीं कायनेटिकची लुना आली आणि पुण्यांतील बायकांच्या पायांना चाकें मिळालीं. आणि साताऱ्याच्या सुरेखा यादव, ज्यांचा आशियांतील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून उल्लेख होतो, त्यांनीं मार्च २०२३ मध्यें सोलापूरहून मुंबईस वंदे भारत गाडी आणली. सुईपासून इंजिनापर्यंतचा हा रस्ता एकाच घरांतून जातो.

असो. आतां मुदतीकडे वळूं. मुदत हा शब्द अरबींतून आपल्याकडे आलेला. मुहूर्त हा आपला. अहोरात्राचे ३० मुहूर्त, एकेक ४८ मिनिटांचा. जुन्या काळीं लग्नघरीं घटिकापात्र पाण्यांत सोडीत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी २४ मिनिटांत भरून बुडे. नवरीचा शालू नेसून झाला कीं नाहीं, हें ती वाटी विचारीत नसे. आमच्या पूर्वजांस कामाची मुदत पाळावयास ह्याच वाटीनें शिकविलें. रुखवत असो कीं बाळंतविडा असो, दिवस ठरलेला असल्यामुळेंच तो पुरा होई. ज्या कामाला मुहूर्त नाहीं, त्या कामाची गोधडी कपाटांत वर्षानुवर्षें अर्धवट पडून राहते, हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं?

परवान्याचा कायदाहि एका अर्थीं घटिकापात्रच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मोटार चालविण्यास वयाची १८ वर्षें पुरीं लागतात. वरची मर्यादा मात्र कायद्यानें घातलेली नाहीं, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवावें. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. तो मिळाल्यावर निदान ३० दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. तोंपर्यंत गाडीला पुढें व मागें पांढऱ्यावर तांबडें 'एल' अक्षर लावावें लागतें, आणि पक्का परवाना असलेला शिक्षक शेजारीं बसावा लागतो. परीक्षेंत अपयश आलें तर ७ दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तीनदां आलें तर मात्र ६० दिवस थांबावें लागतें. येणेंप्रमाणें कायद्यानेंहि उसवून पुन्हां शिवण्याची सोय ठेविली आहे.

ताईंना ती सोय लागली. एप्रिलच्या अखेरीस झालेल्या पहिल्या परीक्षेंत गाडी मागें घेतांना चाक रेषेवर गेलें व त्या नापास झाल्या. त्या शनिवारीं त्यांनीं रिंग टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "दोन्हीं कामं अर्धवट. पांच दिवसांवर लग्न, दोन कडा कोऱ्या, आणि परवाना हा असा." कोणीं सांत्वन केलें नाहीं. गोधडीवाल्या बाईंनीं आपली गोधडी बाजूला सारली, अंतरपाटाची एक कड मांडीवर ओढली व दोरा ओवला. दुसऱ्या बाजूनें सूनबाई बसली. लोकर पिशवींत गेली. दिवे लागणीपर्यंत तिसरी कड भरून झाली. चौथीस वेळ उरला नाहीं, तेव्हां ती साध्या धावदोऱ्यानें बेतली. बारकाईनें पाहिलें तर चार हातांचे चार प्रकारचे टांके दिसत होते, एकाचा घट्ट, एकाचा सैल.

लग्नाच्या वेळीं मंगलाष्टकें संपलीं, अंतरपाट दूर झाला, आणि सर्वांचे डोळे वधूवरांकडे लागले. चौथी कड कोणीहि पाहिली नाहीं. त्यानंतर चार दिवसांनीं ताई दुसऱ्यांदा परीक्षेस बसल्या व उत्तीर्ण झाल्या. मुदत संपण्यास तेव्हां पांच दिवस उरले होते. पहिल्याच पावसांत त्या सासूबाईंना तपासणीस घेऊन गेल्या. सासूबाई अर्थातच पुढें बसल्या होत्या. आतां यजमानहि डोळे तपासून घेण्यास त्याच गाडींतून जातात, आणि मागच्या आसनावरून वाहतुकीबद्दल सूचना करीत नाहींत, असें ऐकतों.

ह्या हकीकतीवरून आमच्या मनांत एक गोष्ट पक्की झाली. उतारवयांत नवी विद्या येत नाहीं, हा समज खोटा आहे; परंतु त्या वयांत ती एकट्यानें व सवडीनें येत नाहीं, हें मात्र खरें. तिला सोबत लागते आणि ठरलेला दिवस लागतो. तरुणाला चुकण्याची लाज कमी असते. पन्नाशीच्या गृहिणीला घरादारासमोर चुकावें लागतें, आणि तेंच तिला जड जातें. म्हणून ज्या एकत्र कुटुंबांत एखादी सून, सासू वा नणंद कांहीं नवें शिकूं पाहत असेल, तेथील मंडळीस आमची विनंति आहे. आठवड्यांतून चार सकाळीं तिला घरकामांतून तासभर मोकळें करा; तेवढा वेळ चहा दुसऱ्या कोणीं केला तर तो कडू होत नाहीं. तिच्या शेजारीं बसावयाचें झालें तर ओरडूं नका. आणि तिच्या शनिवारच्या बैठकीला गप्पा म्हणून हिणवूं नका.

रात्रीं-अपरात्रीं घरांत कोणाला धाप लागते, तेव्हां उपयोगी पडतो तो घरांतलाच हात. त्या हाताला आज सुईबरोबर किल्लीहि धरतां यावी, एवढीच तयारी आपण आधीं करावयाची.