काकांचं जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? घरातल्या घरात भाव असा ठरवा

जुन्या मालाचा भाव कसा काढायचा, या व्हिडिओनंतर एका सराफ मित्राचा फोन आला. काकांचं वय ७२. त्यांचं परवान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर याला विकत घ्यायचंय. भाव विचारला तर काका म्हणाले, "तू देशील ते दे."

मंडळी, हेच वाक्य पुढे सगळ्यात महाग पडतं. आज कमी दिलंत, तर उद्या चुलत भाऊ म्हणणार, "पप्पांकडून फुकटात नेलं." जास्त दिलंत, तर तुमच्याच मनात सल. म्हणून हिशेब कागदावर मांडा.

१. आधी कागद, मग भाव

काकांचा परवाना चालू आहे का? हत्यारावरचा नंबर परवान्यातल्या नंबरशी जुळतो का? तुमचा स्वतःचा परवाना मंजूर आहे का? यातलं एक जरी 'नाही' असेल, तर तुमच्यासाठी त्या वस्तूची किंमत आज शून्य.

बोअरही बघा. पॉइंट ३८ किंवा पॉइंट ४५५ चं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर साध्या परवान्यावर बसत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात.

२. विकत घ्यायची गरज आहे का?

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. पुतण्या म्हणून तुम्ही त्यात बसता का, हे परवाना शाखेत विचारा. शहरात पोलीस आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. बसत असाल, तरी बाकीच्या भावंडांशी बोलून घ्या.

३. तपासणी जाणकाराकडून

काकांनी स्वतः रिकामं करून, स्वतःच परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावं. तुम्ही फक्त सोबत जा. त्याला हे विचारा:

- नळीत आतून गंजाचे खड्डे आहेत का?
- सहाही कप्पे नळीच्या सरळ रेषेत येऊन घट्ट थांबतात का?
- सिलिंडर मागेपुढे हलतं का?
- मूळ पॉलिश आहे की नंतर केलेलं?

चकाकी बघून भुलू नका. पॉलिश नवं आणि नळी खराब, हा तोट्याचाच सौदा.

४. दोन भाव, मधला आकडा

विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा. "काकांकडून कितीला घ्याल? आणि असंच मला कितीला विकाल?" जमलं तर दोन दुकानांत विचारा. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या नव्या पॉइंट ३२ चा आजचा दरही काढा. देशी जुन्याला नव्याच्या वर भाव देण्यात अर्थ नाही.

समजा, घ्यायचा भाव ५० हजार आणि विकायचा ८० हजार. मधला आकडा ६५. दुरुस्तीचे ५ वजा केले, की उरले ६० हजार. (आकडे फक्त समजण्यासाठी.) विक्रेत्यापेक्षा काकांना १० हजार जास्त मिळाले. तुम्हालाही दुरुस्तीसकट ६५ मध्ये पडलं, म्हणजे दुकानापेक्षा १५ हजार कमी. दोघंही खूश.

विलायती नगाला वेगळा नियम. १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून माल मोजकाच आहे, म्हणून त्याचा भाव चढा असतो.

५. व्यवहार

शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काकांनी आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं. त्यात तुमचं नाव-पत्ता द्यायचा. त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. तोवर ॲडव्हान्स नाही, आणि "बघायला म्हणून" घरी नेणं तर अजिबात नाही. पैसे बँकेतून द्या, पावती करा, दोन्ही परवान्यांवर नोंद करून घ्या.

मित्राला शेवटी एवढंच सांगितलं, हा हिशेब काकांसमोर आणि चुलत भावासमोर एकत्रच मांड. काकांच्या आठवणींना मोल नाही, ते आपण लावूही नये. आपण भाव लावतोय तो फक्त लोखंडाचा.

तुमच्या घरात असा व्यवहार अडला असेल, तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!