चाचपडून पाहणारा मायक्रोस्कोप

रात्री अचानक दिवे गेले तर तुम्ही काडेपेटी कशी शोधता? फळीवर हात फिरवून, चाचपडत! ही बाटली, हा डबा, ही सापडली काडेपेटी! डोळ्यांचं काम बोटं करतात. अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप अगदी असाच 'बघतो'. नमुना बघायला त्याला भिंग लागतच नाही! गेर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ साली तो जगापुढे मांडला.

त्याचं बोट म्हणजे एक अगदी पातळ पट्टी. लांबी साधारण दोन केसांच्या जाडीइतकी! टोकाखाली अणकुचीदार सुई. सुई नमुन्यावरून फिरते, उंचवटा आला की पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पडलेला असतो, तो उलटून समोरच्या प्रकाशमापकावर जातो. आरशानं भिंतीवर कवडसा पाडून बघा. मनगट किंचित वळलं तरी कवडसा केवढी उडी मारतो! तीच ही युक्ती.

आता समजा, तुम्हीच तो चालवायला बसलात. पट्टी एका इवल्याशा चिपला जोडलेली असते. चिमट्यानं चिपच धरायची, पट्टीला धक्का लागला की संपलंच! शिकताना दोन-चार मोडतात, त्यात लाजायचं काही नाही. (स्वस्त मात्र नसतात हं!) मग सुई हळूहळू खाली आणायची. घाई केलीत तर टोक बोथट होतं, आणि बोथट सुई चित्रात स्वतःचाच आकार उमटवते. सगळे कण एकाच साच्यातले दिसले की शंका घ्यायची.

चित्र छान आलं, पण मापं खरी कशावरून? वीज दिली की लांब-आखूड होणारा 'पायझो' नावाचा भाग सुईला किंवा नमुन्याला सरकवतो. तो नेहमी सांगितल्याइतकाच सरकतो असं नाही. म्हणून वाण्याच्या तराजूत प्रमाणित वजन टाकून बघावं, तशी इथं खड्डे कोरलेली सिलिकॉनची जाळी ठेवतात. तिची मापं आधीच ठाऊक असतात. समजा, खड्डा २०० नॅनोमीटर खोल आहे आणि पडद्यावर आले २२०! म्हणजे काल वहीत कणाची उंची ५५ लिहिलीत ना? तो खरा ५० नॅनोमीटरचाच! लांबी-रुंदीचं माप पुन्हा वेगळं तपासायचं.

हे सगळं होईस्तोवर जेवणाची वेळ झालेली असते. आणि तुमचा आजचा नमुना अजून डबीतच!