बोटीवरचं १२ व्होल्ट सोलर: फ्यूज नेमका कुठे?

या भागात आकडे बरेच होते आणि ते कानाने पकडणं अवघड, असं तुमच्यापैकी काही जणांनी कळवलं. म्हणून ही लेखी प्रत थोडी साफ करून टाकतोय.

आधी ती रात्र सांगतो. माझी आणि माझ्या मित्राची मिळून एक २२ फुटी, सेकंडहँड, शिडाची बोट आहे. ती गोव्यात मांडवीत, बेतीच्या बाजूला नांगरून असते. मी पुण्याहून सुट्टी जोडून जातो. त्या रात्री दीडच्या सुमाराला जळकट वासाने जाग आली. बाकाच्या झाकणाखालून धूर येत होता. झाकण उघडलं तर बॅटरीपासून निघालेली मेन वायर वितळत होती. मी टॉर्च धरला, मित्राने पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह कडी सोडवली. आग लागली नाही, पण डोलकाठीवरचा दिवा गेला. पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीने टॉर्च हातात धरून बसलो, कारण त्या नदीत रात्रीही बार्ज चालतात आणि अंधारातली छोटी पांढरी बोट त्यांना दिसेलच याची खात्री नाही. ७ मीटरपेक्षा लहान बोटीला नांगरदिव्यातून नियमाने सूट आहे, पण जहाजांच्या वाटेत किंवा वाटेजवळ नांगर टाकला असेल तर ती सूट नाही.

बरं, चूक कुठे झाली? फ्यूज होता की! पण तो स्विचच्या पॅनलवर होता, बॅटरीपासून दोन मीटर लांब. वायर त्याच्या आधीच झाकणाच्या कडेत चिमटली होती. आम्ही रोज त्याच झाकणावर बसून चहा प्यायचो. हळूहळू प्लस-मायनस दोन्हींचं आवरण कापलं गेलं आणि शॉर्ट झालं. फ्यूज शॉर्टच्या पलीकडे, त्यामुळे त्याला काही कळलंच नाही.

इथे माझ्या डोक्यातला बग असा होता: १२ व्होल्ट म्हणजे खेळणं, शॉक तर बसत नाही. शॉक बसत नाही, हे खरं. पण चांगल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा आतला विरोध काही मिलिओहमच असतो. तारेचा धरूनही शॉर्टमध्ये काहीशे अँपिअर वाहू शकतात. बारीक वायर त्यात हीटरची तार बनते. आणि फ्यूज उपकरणाला वाचवतो असं आपण समजतो. तो मुळात वायरला वाचवायला असतो. म्हणून तो जिथून करंट येतो तिथे, बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच हवा. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींच्या संस्थेच्या ई-११ नियमात हे अंतर ७ इंच आहे. वायर नळीत असेल तर थोडी सवलत मिळते. आता आमची मेन वायर ६ चौरस मिलिमीटरची आहे आणि ३० अँपिअरचा फ्यूज टर्मिनलजवळच आहे.

गंमत म्हणजे सोलरच्या कंट्रोलरकडून येणाऱ्या वायरीलाही फ्यूज बॅटरीच्याच टोकाला लावायचा. १०० वॅटचं पॅनल शॉर्ट झालं तरी सहाएक अँपिअरच देतं. वायर जाळायची ताकद बॅटरीत आहे.

आता साइज कसा ठरवायचा? पॅनलपासून सुरुवात करू नका, खर्चापासून करा. नांगरदिवा ०.२ अँपिअर, बारा तास, म्हणजे २.४ अँपिअर-तास. व्हीएचएफ रेडिओ ४, केबिनचे दिवे २, दोन फोन मिळून ३, पाणी उपसायचा पंप १. झाले साडेबारा, मी पंधरा धरले, म्हणजे १८० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून ६० अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. ढगाळ दोन दिवस निघतात. १०० वॅट, साडेचार तासांचं खरं ऊन आणि गळतीसाठी ०.७ ने गुणा: ३१५ वॅट-तास. भरपूर वाटतं ना? पण बोटीवर बूम आणि डोलकाठीची सावली फिरत असते आणि एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पॅनलचं उत्पादन बऱ्यापैकी घसरतं. म्हणून आम्ही ५० वॅटची दोन पॅनल पॅरललमध्ये, दोन बाजूंना लावली. एकावर सावली असेल तर दुसरं चालू राहतं.

कंट्रोलर स्वस्तातला पीडब्ल्यूएम घेतला तर तो पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देणारं पॅनल मग १३ व्होल्टला तेवढेच अँपिअर देतं, म्हणजे ७२ वॅट. एमपीपीटी महाग आहे, पण हा फरक बराचसा वाचवतो. आमच्या खर्चाला पीडब्ल्यूएमही पुरला असता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वायरीत मात्र कंजुषी नको. पाच अँपिअर, जाऊन-येऊन १२ मीटर, १ चौरस मिलिमीटर वायर: एक व्होल्ट वाटेतच संपतो. २.५ ची घेतली तर साधारण ०.४. तांबं कथिलाचा मुलामा दिलेलं घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून काळं पडतं. सोल्डर केलेली जोडणी हलत्या बोटीवर कडेला तुटते, म्हणून क्रिंप करा आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलट. त्या बाकाखाली आता वायर नाही. ती बोटीच्या भिंतीवरून, दर फुटावर क्लिप मारून नेली आहे. झाकणावर बसून चहा मात्र अजूनही होतो.