पिकअपचे सॉफ्टवेअर अपडेट करताना घ्यावयाची काळजी

एक एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल पिकअपमध्ये इंधन किती आणि कधी सोडायचे, हे ईसीयू म्हणजे इंजिनचा छोटा संगणक ठरवतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनी वेळोवेळी सुधारणा करते. सर्व्हिस सेंटरमध्ये डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला उपकरण जोडून ती भरतात.

खरा धोका बॅटरीचा असतो. या वेळी इंजिन बंद, पण इग्निशन चालू असते. वीजदाब मध्येच घसरला, तर जुने सॉफ्टवेअर पुसलेले आणि नवे अर्धवट, अशा अवस्थेत ईसीयू अडकू शकतो. मग गाडी सुरू होत नाही. प्रसंगी ईसीयू बदलावा लागतो.

त्यामुळे पुढील काळजी घ्या.

• तोडणीच्या किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका.
• बॅटरी आधी तपासून घ्या. काम सुरू असताना स्थिर वीजदाब देणारा चार्जर जोडण्यास सांगा.
• दिवे, पंखा, टेप बंद ठेवा. काम पूर्ण होईपर्यंत चावीला हात लावू नका.
• जॉब कार्डवर सॉफ्टवेअरची जुनी-नवी आवृत्ती आणि आधीचे-नंतरचे फॉल्ट कोड लिहून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे अपडेटच हवे, असे नाही. उंदराने कुरतडलेली वायर सॉफ्टवेअरने जोडली जात नाही. आधी फॉल्ट कोड वाचून घ्या, वायरिंग तपासा, मगच निर्णय घ्या.