परसदारातील दोन शेजारणी

आपल्याकडील पुष्कळ घरांच्या मागील दारी थोडी मोकळी जागा राखलेली असते. तिला आपण परस म्हणतो. या परसात न्हाणीचे पाणी ज्या बाजूने वाहत जाते, त्या बाजूस बहुधा केळीचे लहानसे बन असते. तेथून थोडे दूर, कोरड्या उंचवट्यावर, पानांची छत्री डोक्यावर धरून पपईचे झाड उभे असते. दोघींनाही उष्ण हवा प्रिय, दोघींनाही थंडीचा कडाका असह्य आणि दोघीही लावल्यापासून साधारण वर्षभरात फळ देणाऱ्या. मग या शेजारणींना एकाच ओलीत का लावीत नाहीत? कोणी हौसेने पपईचे रोप न्हाणीच्या पाटाजवळ लावलेच, तर भर पावसाळ्यात त्याची पाने पिवळी पडतात, बुंधा कुजतो आणि चांगले वाढलेले झाड एके दिवशी कोलमडून पडते. पाण्याला आपण जीवन म्हणतो. एकीचे हे जीवन दुसरीचे मरण का ठरते, हे समजण्यासाठी दोघींचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

प्रथम केळीकडे पाहू. आपण जिला केळीचे खोड म्हणतो, ते खरे खोड नव्हेच. पानांचे रुंद देठ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जाऊन तो खांब तयार झालेला असतो. त्यात लाकूड मुळीच नसते. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ केळीला वृक्ष न म्हणता एक प्रचंड रोपटे मानतात. तिचे खरे खोड म्हणजे जमिनीखाली दडलेला गड्डा. योग्य वेळ आली की या गड्ड्यातून निघालेला फुलोऱ्याचा दांडा खांबाच्या मध्यातून वर चढतो आणि शेंड्याशी जांभळट तांबड्या रंगाचे केळफूल बाहेर डोकावते. त्याचे एकेक आवरण उलगडते आणि त्याखाली केळ्यांची एकेक फणी दिसू लागते. अशा अनेक फण्या मिळून घड होतो.

केळीची पाने दोन-तीन मीटर लांब असतात. एवढ्या विस्तृत पानांतून उन्हाने पुष्कळ पाणी हवेत उडून जाते. उलट तिची मुळे फार खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. साहजिकच तिची तहान मोठी असते. तिला कसदार, सेंद्रिय खताने भरलेली जमीन आणि नित्य ओलावा हवा. मात्र सदैव साचलेले डबके तिलाही रुचत नाही; पाणी वाहते असावे. वाऱ्याचे तिला मोठे भय असते. जोराच्या वाऱ्याने पाने फाटून चिंध्या होतात आणि घडाने ओथंबलेला खांब मोडून पडतो. म्हणून खानदेशातील शेतकरी केळीच्या बागेभोवती शेवरीसारख्या झाडांची दाट कुंपणे लावतात आणि घड आलेल्या केळीला टेकू देतात.

आता पपईकडे वळू. केळ आग्नेय आशियातील. तिचा आपल्या देशाशी संबंध फार प्राचीन. पपई मात्र मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे ती समुद्र ओलांडून भारतात आली आणि येथे इतकी रुळली, की ती परकी आहे असे आज कोणाच्या मनातही येत नाही. तिचे खोड सरळ, बहुधा फांद्या नसलेले आणि आतून पोकळ असते. जुनी पाने गळून पडली की त्यांच्या देठांच्या खुणा खोडावर उमटून राहतात. पानांचे देठही पोकळ असतात. त्यांच्या पुंगळ्या करून तुम्हांपैकी पुष्कळांनी फुंकर घातली असेल.

पपईची मुळे मऊ व मांसल असतात. जमिनीतील कणांच्या फटींमध्ये जी हवा असते, ती या मुळांना श्वसनासाठी सतत लागते. या फटी पाण्याने भरून गेल्या की मुळे गुदमरतात. एक-दोन दिवस जरी पाणी बुंध्याशी तुंबून राहिले, तरी झाडाला इजा पोहोचते. मग ओल्या मातीतील बुरशी बुंध्यात शिरून तो कुजवते. म्हणून पपईसाठी निचऱ्याची जमीन निवडावी, बुंध्याला मातीची भर द्यावी आणि पाणी बुंध्यापासून थोड्या अंतरावर आळ्यात घालावे. तिला पाणी नको असे मात्र नाही. तिला ते नियमित, पण बेताचे हवे.

लागवडीच्या रीतीतही दोघी भिन्न आहेत. आपण खातो त्या केळ्यात उगवणारे बी नसते. गरात जे काळे ठिपके दिसतात, ते न वाढलेल्या बियांचे अवशेष होत. म्हणून केळीची लागवड तिच्या गड्ड्यापासून फुटणाऱ्या मुनव्यांनी करतात. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा निवडून तो खणून काढावा आणि नव्या खड्ड्यात लावावा. केळ आयुष्यात एकदाच फळते. घड काढल्यावर आई सुकून जाते. परंतु तिच्या पायाशी तिचे लेकरू वाढत असते आणि त्यामुळे बन वर्षानुवर्षे टिकते.

पपई बियांपासून वाढते. पिकलेल्या फळातील काळ्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असते. ते राहिले तर बी लवकर रुजत नाही. म्हणून बिया राखेत चोळून व धुऊन सावलीत सुकवितात. पपईच्या पुष्कळ जातींत नर झाडे वेगळी व मादी झाडे वेगळी असतात. लहान रोपाकडे पाहून हा भेद ओळखता येत नाही. म्हणून एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात. फुले आली की लांब दांड्यांवर झुबके धरणारी नर झाडे ओळखू येतात. त्यांतील मोजकी परागासाठी ठेवून बाकीची काढून टाकतात.

या दोन रीतींतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. मुनव्यापासून वाढलेली केळ ही आईची हुबेहूब प्रतिकृती असते. त्यामुळे चवीची खात्री मिळते, पण धोकाही तेवढाच मोठा असतो. जो रोग एकीला मारतो, तो सर्वांना मारू शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य व दक्षिण अमेरिकेत ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीच्या केळीचे अफाट मळे होते. जमिनीतील एका बुरशीमुळे होणारा ‘पनामा’ नावाचा मर रोग त्यांत शिरला आणि 1960 च्या सुमारास परदेशी व्यापारातून ती जात जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी ‘कॅव्हेंडिश’ गटातील केळी आल्या. आज त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही ग्रासत आहे. 2019 साली तो दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात आढळला. रोगी बनातील मुनवा नेला तर त्याबरोबर रोगही जातो. म्हणून मुनवा निरोगी बागेतूनच घ्यावा.

बियांपासून आलेली पपईची रोपे एकमेकींपासून थोडीफार निराळी असतात. त्यामुळे पुढील फळ कसे निघेल, याची खात्री नसते. तिलाही शत्रू आहेतच. मावा नावाचे बारीक कीटक एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतात. मग पाने आक्रसतात आणि फळांवर गोल वलये उठतात. परंतु हा विषाणू सहसा बियांतून पुढे जात नाही. त्यामुळे नवे रोप बहुधा निरोगी जन्माला येते.

उपयोगाच्या बाबतीत केळीची बरोबरी करणे कठीण. पिकलेले केळे खावे, कच्च्या केळ्याची भाजी करावी, केळफूल आणि खांबाच्या आतला कोवळा गाभा हेही शिजवून खावेत. तिच्या पानावर पंगती उठतात, खांबाच्या सोपटात फुले ओवली जातात आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचेच खुंट बांधतात. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल या भागांत तर हजारो कुटुंबांचा संसार केळीवर चालतो.

पपईचे पिकलेले फळ रुचकर व पचनास हलके असते. त्याच्या केशरी गरात ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते, ते द्रव्य असते. कच्च्या पपईची भाजी व कोशिंबीर होते. मिठाईवाल्याची रंगीबेरंगी टुटीफ्रुटी बहुधा तिच्याच फोडींची असते. कच्च्या फळाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. त्यातील पपेन हे द्रव्य प्रथिनांचे विघटन करते. म्हणून मांस लवकर शिजावे यासाठी व काही औषधांत त्याचा उपयोग करतात. तो चीक त्वचेला झोंबतो. फळ कापताना सांभाळावे. तिच्या वाळलेल्या बिया मिऱ्यांसारख्या दिसतात, याचा गैरफायदा घेऊन लबाड व्यापारी त्या मिऱ्यांत मिसळतात.

केळ आणि पपई या दोघींचे आपल्यावर उपकार आहेत, परंतु दोघींना एकच वागणूक देऊन चालत नाही. न्हाणीच्या पाटाजवळ केळीला आणि उंचवट्यावर पपईला जागा देणाऱ्या आपल्या आजीने कदाचित कोणतेही पुस्तक वाचलेले नसेल; पण कोणाला काय सोसते, हे तिने वर्षानुवर्षे पाहून ओळखले होते. परसात रोप लावण्यापूर्वी आपणही एका पावसाळी दिवशी तेथे जाऊन पाणी कोठे वाहते, कोठे तुंबते हे पाहावे. आणि मगच खड्डा खणावा.