किल्ला पाण्यात कोंडला!

जपानी वेढ्यांमध्ये मला सर्वांत थक्क करणारा वाटतो तो १५८२ सालचा ताकामात्सुचा. (हा बित्चू प्रांतातला, आजच्या ओकायामा शहरातला. शिकोकू बेटावरचा त्याच नावाचा किल्ला वेगळा.) हा किल्ला होता सखल दलदलीत. माणसं-घोडी चिखलात रुतायची, थेट हल्ला जमेना. मग तेव्हाचा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याचा सेनापती हिदेयोशी याने त्या सखल जागेचाच फायदा उठवला. जुन्या वृत्तांतांनुसार अवघ्या १२ दिवसांत सुमारे ३ किलोमीटरचा मातीचा बांध घातला आणि आशिमोरी नदीचं पाणी आत वळवलं. त्यात ऐन पावसाळा! किल्ल्याभोवती तळं साचलं. किल्ला ज्यांचा, त्या मोरी घराण्याची कुमक येऊनही हतबल.

तेवढ्यात क्योतोहून खबर आली: नोबुनागाच्याच सेनापतीने, अकेची मित्सुहिदेने दगा केला, नोबुनागा गेला. हिदेयोशीने शत्रूला याचा पत्ता लागू न देता घाईने तह उरकला. किल्लेदार शिमिझु मुनेहारुने तहात ठरल्याप्रमाणे होडीतून तळ्यात येऊन सेप्पुकू (पोट चिरून विधिवत आत्महत्या) केलं. एवढी बातमी पोटात ठेवून वाटाघाटी करणं मला बांध घालण्यापेक्षाही अवघड वाटतं. मग हिदेयोशी वेगाने माघारी फिरला आणि यामाझाकीला त्याने मित्सुहिदेचा पाडाव केला. त्या बांधाचा थोडा भाग आजही शिल्लक आहे.