पुनर्विकासाचा कागद आणि आपली छाती

वस्तीत पुनर्विकासाची बैठक लागली की प्रश्न ठरलेले असतात : घर किती फुटांचे, भाडे किती, चावी कधी? आम्ही त्यात आणखी एक घालतो : पर्यावरण मंजुरीत काय लिहिले आहे?

केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला काम सुरू होण्याआधी ही मंजुरी लागते. धूळ, सांडपाणी, डेब्रिज यांचा हिशेब बिल्डरला द्यावा लागतो. पण कारखान्यासाठी होते तशी जनसुनावणी इमारत प्रकल्पांना माफ आहे. म्हणजे आपल्याला विचारायला कोणी येणार नाही. कागद आपणच मिळवून वाचायचा.

हा प्रश्न आरोग्याचाच आहे. गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त आढळला. टीबीचे जंतू कोंदट खोलीत तरंगत राहतात. वारा खेळला की विरळ होतात, उन्हाने मरतात. घर पक्के झाले म्हणून छाती सुरक्षित होत नाही.

म्हणून हे पाहा :

१. दोन इमारतींत अंतर किती? खालच्या घरात ऊन येईल का?

२. काम वर्षानुवर्षे टप्प्यांनी चालते. मागे राहिलेल्या घरांना धुळीपासून वाचवायला उंच पत्रे, पाणी मारणे, झाकलेले ट्रक यांची अट आहे का?

३. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडले तर बारीक तंतू फुप्फुसात जातात आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो. ओले करून अख्खेच उतरवावेत. मुलांना लांब ठेवावे.

४. सांडपाणी केंद्र पुढे कोण चालवणार, खर्च कोणाचा?

मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत बिल्डरने दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते. त्यातले एक स्थानिक भाषेतले. पत्र ‘परिवेश’ संकेतस्थळावर मिळते. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मंजुरीवर हरकत असल्यास ३० दिवसांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करता येते. त्याचे खंडपीठ पुण्यात आहे.

पत्र इंग्रजीत असते. रविवारी वंदनेनंतर विहारात शिकलेल्या मुलामुलींनी ते मराठीत समजावून सांगावे, अटी फळ्यावर लिहाव्यात. कोणती अट पाळली, कोणती मोडली, हे घरी असलेल्या आयाबाया रोज पाहतात. त्यांनी सांगितलेले तारखेसह वहीत टिपा. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.